गावी घर बांधताय? वायरिंगचा कागद चिरा लावायच्या आधी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सध्या गावोगाव घरांची कामं चालू आहेत, बरीचशी मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची, कुणी जुनं पाडून नवीन बांधतंय, कुणी कौलं उतरवून स्लॅब घालतंय, आणि मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर असल्यामुळे ही घरं आतून बघतो म्हणून हे पत्र. टाइल्स कुठल्या, ओटा कुठल्या ग्रॅनाइटचा यावर महिना महिना चर्चा होते आणि वायरिंगचं काय, तर "पॉइंटला किती घेणार?" एवढा एकच प्रश्न. तोही भिंती उभ्या राहिल्यावर. माझी कळकळीची विनंती आहे की वायरिंगचा प्लॅन पहिला चिरा (जांभा दगड) लागायच्या आधी कागदावर उतरवा, आणि तो करताना आज घरात काय आहे एवढंच बघू नका, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काय येणार तेही धरा.

कोकणात हे जास्त जाणवतं ते जांभ्यामुळे. विटेच्या भिंतीत नंतर झिरी मारून पाईप टाकला तरी वर प्लास्टर आलं की झाकून जातं. आता मात्र सगळ्यांना चिरा उघडा ठेवायचा असतो, नुसत्या दर्जा (सांधे) भरायच्या आणि पॉलिश मारायचं. दिसतंही छान. पण त्या भिंतीत नंतर कटर घातला की तो व्रण कायमचा राहतो, मग मालक म्हणतात राहू दे तो पॉइंट, आणि त्या खोलीत वर्षानुवर्षं एक्स्टेन्शन बोर्ड लोळतो, त्यावरच टीव्ही, त्यावरच इस्त्री. गवंडी आणि वायरमन एक दिवस एकत्र बसले, कुठल्या थराला बॉक्स, कुठून पाईप वर जाणार हे भिंतीवर खडूने मारून घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. त्याच वेळी दोन-तीन रिकामे पाईप जास्तीचे टाकून ठेवा, एक डीबीपासून (जिथून घरातल्या सगळ्या लाईनी वाटल्या जातात ती पेटी) छपरापर्यंत, एक डीबीपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत, एक नेटच्या केबलसाठी वेगळा (पॉवरच्या पाईपात नेटची केबल घालू नका). संपूर्ण वायरिंगच्या खर्चात रिकाम्या पाईपाची किंमत नगण्य असते, नंतर तेच काम करायला मात्र घर फोडावं लागतं.

पॉइंटच्या रेटने काम देण्यात मोठा घोटाळा असा होतो की ज्याला पॉइंटमागे पैसे मिळणार तो कमीत कमी वायरमध्ये जास्तीत जास्त पॉइंट बसवणार, म्हणजे एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं लूपिंग. दिवे आणि पंख्यांना ते चालतं, उलट एलईडी आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आल्यापासून तो लोड खूपच कमी झालाय, जुना पंखा ७५ वॉट खायचा तिथे बीएलडीसी तिसेक वॉटमध्ये फिरतो. पण किचनमध्ये इंडक्शन, ओव्हन, मिक्सर, वॉटर प्युरिफायर सगळं एकाच २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर लटकवलं तर ती वायर तापणारच. इंडक्शनला स्वतंत्र लाईन, गीझरला स्वतंत्र, प्रत्येक एसीला स्वतंत्र, विहिरीच्या पंपाला स्वतंत्र आणि प्रत्येकाला आपापली एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). साधा हिशोब करून बघा, दोन गीझर ४ किलोवॅट, दोन दीड टनाचे एसी मिळून ३ च्या आसपास, इंडक्शन २, गाडीचा चार्जर ३.३, म्हणजे १२ च्या वर गेलो आणि सिंगल फेजला ४० अॅम्पिअर धरले तरी सव्वानऊ किलोवॅटच मिळतात. एरवी सगळं एकदम चालत नाही हे खरंच आहे, पण गणपतीत चालतं. घर माणसांनी भरलेलं, सकाळी गीझर, किचनमध्ये दोन चुली, माटवीला लायटिंग, आणि सगळ्या गावाची हीच परिस्थिती त्यामुळे व्होल्टेज आधीच पडलेलं. थ्री फेज घ्यायचं का हे तेव्हाच ठरवून डीबी तशी मोठी बसवा, चार-सहा जागा रिकाम्या राहिल्या तरी राहू देत.

गाडीचं तर आत्ताच डोळ्यासमोर येतंय. मुंबईहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन गावी येणारे वाढलेत, आल्यावर पडवीतल्या प्लगला चार्जर लावतात आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रस्ता वर आणि घर खाली, म्हणजे गाडी घरापासून ५० मीटर लांब. ३.३ किलोवॅटचा चार्जर साधारण १४ अॅम्पिअर ओढतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरने ५० मीटरवर नेला तर ११ व्होल्ट वाटेतच जातात आणि १६० वॉटच्या आसपास वीज वायर गरम करण्यात खर्च होते. तेच ६ च्या केबलने नेलं तर ७० वॉटच्या आत. आठ तास चार्जिंग म्हणजे एका रात्रीत पाऊण युनिटचा फरक, पण मला काळजी त्या युनिटची नाही, सलग आठ तास फुल लोड घेणाऱ्या ढिल्या सॉकेटची आहे. इस्त्री दहा मिनिटं चालते म्हणून तोच सॉकेट वर्षानुवर्षं टिकतो, गाडीला तो वितळतो. त्यामुळे तिथे चांगला इंडस्ट्रियल सॉकेट, जमिनीतून आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल आणि वेगळी आरसीसीबी (वीज जमिनीत किंवा अंगातून गळू लागली की लाईन तोडणारा स्विच), तीही ए टाइपची, म्हणजे चार्जरसारख्या उपकरणांची गळतीही ओळखणारी घ्या.

सोलरबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून २०२४ पासून बरेच लोक चौकशी करतात (आधी आंबा-फणसाची सावली छपरावर किती वेळ पडते ते बघा), आणि बहुतेकांची समजूत अशी की पॅनल बसले म्हणजे लाईट गेली तरी घर चालणार. साधं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) सोलर लाईट गेली की बंद पडतं, ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरून शॉक बसेल. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर लागतो, आणि त्यावर काय चालणार ते सर्किट वायरिंगपासूनच वेगळं पाहिजे, दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय एवढंच. त्याचा न्यूट्रलसुद्धा (करंट परत नेणारी वायर) वेगळा. न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असले की नंतर आरसीसीबी बसवल्यावर ती सारखी पडते, मग कुणीतरी कंटाळून तिला बायपास करतो आणि घर पुन्हा उघडं पडतं. घर वर्षातले दहा महिने बंद असणाऱ्यांनी सीसीटीव्ही आणि नेटची लाईन अशीच वेगळी ठेवावी, बाकीच्या सगळ्या एमसीबी खाली पाडून कुलूप लावता येतं.

अर्थिंगवर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे जीव जातो. जांभ्यात पाणी थांबत नाही, झिरपून जातं, त्यामुळे काळ्या मातीत जसं अर्थिंग मिळतं तसं आपल्याकडे मिळत नाही. पावसाळ्यात रीडिंग घेतलं तर छान येतं (ओहम जितके कमी तितकं अर्थिंग चांगलं), तेच मे महिन्यात घ्या म्हणजे खरं कळेल. समजा २० ओहम आलं आणि वॉशिंग मशीनच्या बॉडीला फेज लागला, तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अॅम्पिअर. तुमची एमसीबी १६ ची. ती पडणारच नाही! मशीनची बॉडी जिवंत राहणार आणि ओल्या पायाने कुणीतरी हात लावणार. ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी असेल तर तीच लाईन सेकंदाच्या छोट्या भागात तुटते, कमजोर अर्थिंगवरसुद्धा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत दोन किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती कनेक्शनला ती सक्तीचीच आहे, तरी आजही नव्याकोऱ्या घरांत नसते, "पावसात सारखी पडते" म्हणून काढायला लावतात. पडते म्हणजे कुठेतरी ओल धरलेली आहे, ती शोधा. सगळं घर एकाच आरसीसीबीवर न ठेवता दोन-तीन भागांत वाटलं तर फ्रिजही बंद पडत नाही आणि दोष कुठे आहे तेही लवकर सापडतं. अर्थिंगचा खड्डा बागेत किंवा मोरीचं पाणी जातं त्या बाजूला घ्या, दोन घ्या, आणि मे-ऑक्टोबरच्या विजांसाठी डीबीत सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेला जादा व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारा) बसवा, पण तोही अर्थिंग असेल तरच काम करतो.

शेवटी एक मागणी आहे, माझ्या व्यवसायबंधूंकडे आणि वीज कंपनीकडेही. नवीन कनेक्शनच्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. पुष्कळदा तो मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) न लावताच भरला जातो, घरमालकाने तो कागद बघितलेलाही नसतो. मेगरचं रीडिंग, अर्थिंगचे ओहम, आरसीसीबी किती मिलिअॅम्पिअरला पडली आणि कुठली वायर कुठून गेली त्याचं ड्रॉइंग, एवढं मालकाच्या हातात सहीनिशी दिल्याशिवाय मीटर लागू नये. मालकांनीही त्याशिवाय शेवटचं बिल देऊ नये. दिवाळीनंतर पुन्हा नवे पाये खणायला घेतील, त्याआधी हे छापलंत तर फार उपयोग होईल.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार,
जि. रत्नागिरी