विमानाचं भाडं वाटून घ्यायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

युरोपात हौशी पायलट ऑनलाइन पॅसेंजर शोधून इंधनाचा, विमानाच्या भाड्याचा खर्च वाटून घेतात, ते कायदेशीर आहे, फक्त पायलटने स्वतःचाही वाटा भरायचा, नफा काढायचा नाही. अमेरिकेत ओळखीतल्यांसोबत चालतं, पण वेबसाइटवरून अनोळखी लोक गोळा करणाऱ्या फ्लाइटनाऊला 2015 मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. आता आमच्या कट्ट्यावरची पोरं म्हणतात ओझर विमानतळावरून पण सुरू करा, नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईची शेअर टॅक्सी मिळते तसं. अरे बाबांनो, टॅक्सी बंद पडली तर कसारा घाटात साइडला तरी घेता येते! आपल्याकडे प्रायव्हेट लायसनवर पैसे घेऊन उडवता येतच नाही, आणि तेच बरंय. उद्या नियम बदललाच तर आधी विमा कोण देणार ते लेखी सांगा, मग सीटचा रेट.

– एक वाचक, नाशिक रोड