दादरच्या धर्मशाळेतून

दादर, मुंबई
रात्रीचे अकरा

प्रिय बंड्या,

तुझे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. बाबांचा नुकताच डोळा लागला होता. म्हटलं, लिहूनच टाकू.

टाटाच्या तारखा लांबल्या, म्हणून गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरलोय. शेजारी बिहारचं जोडपं आहे, पलीकडे बंगालची एक बाई लेकराला घेऊन आलीय. भाषा कुणाची कुणाला कळत नाही, पण कुणाच्या किमोचा कितवा नंबर, हे सगळ्यांना पाठ. संध्याकाळी त्या बाईनं न विचारता बाबांना वाटीभर पेज आणून दिली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पोटात काही टिकलं.

मग बाबा बोलत बसले. त्यांच्या वडिलांनी म्हणे गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. गावात आले की आधी खराटा, कीर्तन नंतर. आणि कीर्तन म्हणजे नुसते प्रश्न! कर्ज काढून तेरवी कशाला, देवाला बकरं कशाला, पोराला शाळेत का नाही घातलं? लोकांनीच उत्तरं द्यायची, आणि देता देता ओशाळायचं. सगळं आपल्या वऱ्हाडीत. मधेच ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ सुरू झालं की हजारो माणसं डोलायची. गुरू व्हायला मात्र साफ नकार. पाया पडायला कुणी वाकला की काठी उगारायचे.

मला मात्र एक गोष्ट अजून पचत नाही, तुलाच सांगतो. १९०५ साली हा माणूस आई, बायको, लेकरं टाकून घराबाहेर पडला. १९२३ मध्ये खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक पोरगा, गोविंदा, गेल्याची खबर आली. ‘असे मेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ म्हणाले आणि कीर्तन पुढे चालू. लोक हे कौतुकानं सांगतात. बाबांच्या उशाशी बसून मला ते कौतुक जमत नाही रे. त्यांच्या बायकोला, कुंताबाईंना कुणी विचारलं का?

आणि गंमत बघ, याच माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्यांसाठी छपरं बांधली. ऋणमोचनला पूर्णेवर घाट, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतःच्या नातेवाइकांना मात्र कशावरही हक्क ठेवला नाही. स्वतः गेले तेही रस्त्यातच. २० डिसेंबर १९५६, अमरावतीला नेताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. बाबासाहेब जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते. कॉलेजात असताना परतवाड्याच्या एसटीनं त्या पुलावरून किती वेळा गेलो आपण, खिडकीतून थुंकत! आठवलं की लाज वाटते.

बाबा जागे झालेत. ‘काय लिवून रायला एवढ्या राती?’ म्हणतात. तुला लिहितोय म्हटल्यावर म्हणाले, त्याले सांग, वावरातल्या तुरीवर एक नजर टाक म्हणा. तेवढं कर. सकाळी साडेसातला रक्त द्यायचंय, आणि त्याआधी त्या बाईची वाटी घासून परत करायचीय.

तुझाच,
पम्या