पी.टी.च्या बाईची दुरुस्ती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोलीस भरतीच्या तयारीचं छायाचित्र होतं. पन्नासेक पोरं-पोरी मैदानात पाय पसरून, अंगठे धरून बसलेली. खाली ओळ होती, 'गोळाफेकीपूर्वी अंग मोकळं करताना उमेदवार'. ते बघून मलाच अपराधी वाटलं, कारण ताकदीच्या कामाआधी असं नुसतं ताणून बसणं उलटंच पडतं, आणि हे मीच शिकवत आले. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं पी.टी. घेतली. शिट्टी, रांग, बसा, अंगठा धरा, साठ आकडे मोजा. आकडे हळू मोजणारा वर्गनायक माझा लाडका असायचा.

आता माझं वय ५९. हाडांची घनता कमी निघाली. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला. म्हणून विश्रामबागेत घराजवळची जिम लावली. तिथला ट्रेनर माझ्या मुलापेक्षा लहान. रोज सांगायचा, "काकू, मांड्या दोन-दोन मिनिटं ताणून धरा, मग स्क्वॉट." म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका. मी धरायचे. रॉड खांद्यावर आला की पहिल्या सेटला पाय कुणा दुसऱ्याचेच वाटायचे. दोष मी वयाला दिला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मिरजेत फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते. ईएमजी यंत्रावर हात बसवायला तिला कुणीतरी हवं होतं, बाई रिकाम्याच होत्या. मांडीवर पट्ट्या चिकटवायच्या, स्नायू आवळला की त्यातले विजेचे संकेत पडद्यावर रेघेसारखे उमटतात. तीन दिवस तेच वजन, तेवढेच स्क्वॉट. पहिल्या दिवशी आधी नुसतं ताणून धरलं, दुसऱ्या दिवशी सायकल मारली, तिसऱ्या दिवशी सायकल आणि मग रिकामा रॉड, त्यावर थोडं वजन, आणखी थोडं. पहिल्या दिवसाची रेघ सगळ्यात जाड आली. मी खूश, म्हटलं बघ, माझा स्नायू कसा जागा झालाय! ती हसली. "बाई, वजन तेच आहे ना? मग तेवढंच उचलायला त्या दिवशी स्नायूला जास्त आरडाओरडा करावा लागला." थकलेल्या स्नायूचंही तसंच होतं म्हणे, रेघ जाड आणि ताकद कमी. शिवाय पट्टी बोटभर सरकली किंवा घाम आला तरी रेघ बदलते. त्यामुळे तुमच्या एका मांडीवरून कुणाला काही सिद्ध करून दाखवू नका, अशी तंबीही तिनेच दिली.

सिद्ध करायला माझी मांडी लागतही नाही. अशा प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरला तर लगेच नंतरची ताकद सरासरी चार-पाच टक्क्यांनी घटते. मिनिटाच्या आत सोडला तर घट एखाद्या टक्क्याची. मेंदूकडून स्नायूला जाणारी हाक थोडी मंद होते हे त्याचं एक कारण. उलट हलत्या व्यायामानं स्नायू तापतो, तापला की झटकन आवळतो. ताणणं वाईट नाही. थोडंसं ताणून त्यावर हालचाल केली तर तोटा बहुतेक भरून निघतो. आम्ही मात्र ताणून झालं की थेट प्लेटा चढवतो.

एका टक्क्यानं काय होतं, असं कुणी म्हणेल. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात दोन प्रकारांत ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो उचलले. सुवर्ण गेलं २४९ ला. त्याचं कोपर दुखावलं होतं, त्याचा वॉर्म-अपशी संबंध मी जोडत नाही. पण २४८ चा एक टक्का म्हणजे जवळपास अडीच किलो! या खेळात प्रशिक्षक आपल्या खेळाडूच्या आधी किती जणांची उचल बाकी आहे ते मोजत असतात आणि त्या हिशेबानं आतल्या हॉलमध्ये त्याच्या रॉडवर वजन वाढवत नेतात. फार लवकर नाही, फार उशिरा नाही.

माझे वडील तालमीत जायचे. मुलींना आत मज्जाव, मी दारातून बघायची. वस्ताद आल्याआल्या पोरांच्या हातात फावडं द्यायचे. हौद्यातली लाल माती खणायची, उलथायची, मग जोर-बैठका, मग लढत. अंगठे धरून बसलेला पैलवान मी तिथे कधी पाहिला नाही. हे डोळ्यांनी बघूनही बी.पी.एड. झाल्यावर मी शाळेत नेमकं उलटं का शिकवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भरतीत ५० पैकी १५ गुण गोळ्याचे. मुलांना ७.२६ किलो, मुलींना ४ किलो. पोरं पहाटे अंग गरम करतात आणि मग थंडीत रांगेत बसून राहतात. पंधरा-वीस मिनिटांत ऊब बरीचशी उतरते. नंबर यायच्या आधी दहा मिनिटं तरी त्यांना उठून हलू द्यावं, चार हलक्या फेका करू द्याव्यात, एवढं भरती घेणाऱ्यांनी बघावं.

आणि जिमवाल्यांना विनंती, नवख्यांसाठी एक हलका रॉड कायम मोकळा ठेवा. पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो, माझ्यासारखीला वॉर्म-अपला तो जड जातो. बायकांचा १५ किलोचा मिळतो. आमच्या जिममध्येही आहे एक, सध्या त्यावर टॉवेल वाळत घालतात.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली