आईच्या हाती टेपचं टोक देणाऱ्या साहेबांना

आदरणीय इन्स्पेक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्विमिंग पूलचं कुंपण नियमाप्रमाणे असल्याचं कम्प्लायन्स सर्टिफिकेट हाती आलं, पूलच्या सरकारी रजिस्टरवर नोंद झाली, तुमचं बिलही चुकतं झालं. व्यवहार म्हणून पाहिलं तर आपला विषय संपला. पण आमच्या घरात तुमची आठवण अजून रोज निघते. त्या दिवशी दारात उभ्या उभ्या म्हटलेल्या 'थँक यू'मध्ये ते सगळं मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण सगळ्यात आधी ते आई वाचणार आहे. शिवाय सिडनीत पूल असलेलं घर विकत किंवा भाड्याने घेणारी आपली माणसं आता पुष्कळ झाली आहेत, त्यांच्याही नजरेखालून ते जावं असं वाटतं. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

आमची अडचण तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये २९ एप्रिल २०१६ पासून पूल असलेलं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर पूलच्या कुंपणाचं सर्टिफिकेट लागतं. विकणाऱ्याला मात्र एक वाट मोकळी ठेवलेली आहे. कुंपणात काय काय दोष आहेत ते नमूद केलेलं नॉन-कम्प्लायन्स सर्टिफिकेट कराराला जोडून तो घर विकू शकतो. मग सेटलमेंटपासून, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण झाल्यापासून, ९० दिवसांच्या आत ते दोष काढून सर्टिफिकेट मिळवण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. आम्ही घेणारे.

कागदाची मुदत ही एक काळजी झाली. खरी काळजी वेगळीच होती. मुलगा अडीच वर्षांचा, आम्ही दोघं नोकरीवर, आणि दिवसभर त्याच्यापाशी माझी आई. ती वाईहून व्हिजिटर व्हिसावर आलेली, इंग्रजी समजत नाही, शेजारी कुणी ओळखीचं नाही. कुंपणात दोष आहेत एवढं तिला कळलं होतं, पण ते नेमके कुठे आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिने मागचं दार कायमचं बंद करून टाकलं. पडदेसुद्धा ओढलेले, कारण पाणी दिसलं की नातू काचेला नाक लावून उभा राहायचा. दुपारी तो झोपला तरी ही डोळा मिटायची नाही. एवढं अंगण असलेलं घर घेतलं आणि माझी आई आणि माझं मूल त्यात कोंडल्यासारखे राहत होते.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल लिहू नये असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मी लिहिणार आहे, फक्त नावं घेणार नाही. घर विकून देणारा एजंट म्हणाला की ही नुसती फॉर्मॅलिटी असते, कागद मिळून जातो. त्यानंतर बोलावलेल्या इन्स्पेक्टरने फोन कानाचा काढला नाही. गेट दोनदा हलवलं, चार फोटो काढले आणि तो निघून गेला. मागाहून ईमेलवर रिपोर्ट आला: 'गेट समाधानकारक नाही', 'चढण्याजोगी वस्तू आढळली'. कुठली वस्तू? कुंपणाच्या कुठल्या बाजूला? गेटला झालंय काय? विचारायला फोन केला तर उत्तर मिळालं, पुन्हा तपासणी बुक करा, फी वेगळी पडेल. मग एक कुंपणवाला आला. त्याने लांबूनच पाहिलं आणि सांगितलं की हे सगळं उपटून काचेचं बसवा. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

पैशाचं एक वेळ सोडून देईन. मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. यातल्या प्रत्येकाला दार आईने उघडलं होतं. नातू कडेवर, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. एकानेही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ज्या पोरासाठी हा कायदा आहे ते पोर समोर होतं, त्याला सांभाळणारी बाई समोर होती, आणि यांना दिसत होता फक्त फॉर्म.

तुम्हाला फोन केला तेव्हा पत्ता विचारण्याच्या आधी तुम्ही विचारलंत, "घरात पाच वर्षांखालचं कुणी आहे का?" मी हो म्हटल्यावर वेळ पुढच्या आठवड्यातून या आठवड्यात आली. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं, हा माणूस वेगळा दिसतोय.

तुम्ही आलात, बूट पुसलेत आणि मला दुसरा प्रश्न केलात: दिवसा मुलापाशी कोण असतं? मी आईकडे बोट केलं. "मग मला त्यांच्याशी बोलायला हवं," असं म्हणून तुम्ही माझ्याकडची फाइल न उघडताच बाजूला ठेवलीत. आई पदर सावरत मागे सरकत होती. तिला वाटलं, आपलं काय काम. तुम्ही खिशातून टेप काढलीत, तिचं टोक आईच्या हातात दिलंत आणि कुंपणाच्या वरच्या पट्टीवर अंगठ्याने दाबून धरायची खूण केलीत.

साहेब, मला जे सांगायचंय ते या एका क्षणाबद्दल आहे. तुमच्याकडे मोजमापाची साधनं होती, असली कुंपणं तुम्ही किती मोजली असतील, तुम्हाला मदतनीस लागत नव्हता. तरी तुम्ही ते टोक तिच्या हाती दिलंत. आईने अंगठा असा घट्ट दाबला होता की नख पांढरं पडलं होतं. तुम्ही ९०० मिलिमीटरवर टेप चिमटीत धरलीत आणि वरून बाहेरच्या अंगाला, खाली जमिनीच्या दिशेने कमानीसारखी फिरवत आणलीत. मी तुमचं बोलणं मराठीत सांगत होते: या कमानीच्या आत पाय ठेवायला काहीही असता कामा नये, मूल त्यावर चढेल आणि तिथून कुंपणावर. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत टेप एका कुंडीच्या काठाला टेकली.

आईची कढीपत्त्याची कुंडी. गुडघ्याएवढी उंच, मातीची, जड. कुंपणालगत ठेवलेली, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं आणि थंडीत अंगणात ते तेवढ्याच जागी टिकतं. तुम्ही काही बोलला नाहीत. आईनेच टेपकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, म्हणजे ही पायरीच झाली की!" 'चढण्याजोगी वस्तू' म्हणून आधीच्या रिपोर्टात जे लिहिलं होतं ते हे. तीन शब्द बोलून जे दाखवता आलं असतं ते न दाखवता तो माणूस निघून गेला होता आणि नातू रोज त्या कुंडीच्या आसपास होता.

त्यावर "हलवा ही" असं म्हणून तुम्हाला पुढे जाता आलं असतं. तुम्ही आईला विचारलंत, हिवाळ्यात ऊन आणखी कुठे येतं? दोघं मिळून अंगणभर फिरलात. कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी जागा ठरली आणि कुंडीची एक बाजू तुम्ही धरलीत, दुसरी नवऱ्याने. सिडनीत कढीपत्त्याचं झाड जगवणं काय असतं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ते तिच्या जिवाभावाचं आहे एवढं मात्र तुम्ही ओळखलंत.

त्यानंतर आई तुमच्या मागे मागे नव्हती, बरोबर होती. गेटपाशी तुम्ही तिलाच उघडायला लावलंत. पूर्ण उघडून सोडा, झालं बंद. अर्धं उघडून सोडा, झालं. मग तुम्ही म्हणालात, आता अगदी कडीला टेकेल इतकंच उघडं ठेवून अलगद सोडा. आणि तिथे ते अडकलं. लांबून बघणाऱ्याला गेट बंदच वाटलं असतं, पण कडी बसली नव्हती. तुम्ही नुसतं बोट लावलंत आणि ते उघडलं. आईचा चेहरा मी बघितला. इतके दिवस ती ज्या भीतीने दार लावून बसली होती ती भीती खरी होती, आणि ती नेमकी कुठे आहे हे आता तिला डोळ्यांनी दिसत होतं. खांबाखालची माती बसल्याने खांब कलला होता आणि कडीचे दोन भाग एकमेकांसमोर येत नव्हते, इतकंच कारण. त्यासाठी अख्खं कुंपण बदलायची गरज नाही, खांब ओळंब्यात आणा, बिजागरीची स्प्रिंग घट्ट करा, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. काचेच्या कुंपणाचा विषय तिथेच संपला.

मग तुम्ही ओल्या गवतात पालथे झोपलात. कुंपणाखालची फट १०० मिलिमीटरच्या वर नको, आणि एका कोपऱ्यात पावसाने माती वाहून गेली होती. उठलात तेव्हा तुमचा शर्ट पुढून चिंब. आई आत जाऊन टॉवेल घेऊन आली. वाईजवळ तिच्या माहेरच्या मळ्यात विहीर होती. ती तुम्हाला म्हणाली, मी भाषांतर करून सांगितलं, "आमच्या विहिरीला कठडा बांधला तेव्हा वडील असेच जमिनीला डोळा लावून बघायचे." तुम्ही हसलात आणि वडिलांबद्दल चार प्रश्न विचारलेत. कामात असलेला माणूस एका म्हातारीच्या वडिलांबद्दल विचारतो, हे मी या देशात आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

फाटक, फट, उन्हाने पांढरा पडलेला सीपीआरचा (बुडालेल्याला छाती दाबून वाचवायच्या प्रथमोपचाराचा) फलक, सगळं एका सुताराने आणि कुंपणाच्या कामगाराने मिळून दुरुस्त केलं. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा टेपचं टोक धरायला आई आधीच कुंपणापाशी उभी होती.

इथल्या मराठी वाचकांना दोन गोष्टी सांगते, कारण तुम्ही त्या कळकळीने सांगितल्या होत्या. डिसेंबरमध्ये दुकानातून हवा भरायचा पूल आणला आणि त्यात ३०० मिलिमीटरहून जास्त खोल पाणी मावत असेल, तर त्यालाही कुंपणाचा हाच नियम लागू होतो. दुसरी गोष्ट आपल्या पार्ट्यांची. दिवाळीला, बार्बेक्यूला पंधरा-वीस माणसं अंगणात असतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. तुम्ही म्हणाला होतात, पाण्याकडे कोण बघणार त्याचं नाव घ्या, आणि त्याला उठायचं असेल तर त्याने दुसऱ्याचं नाव घेऊन मगच उठावं. बुडणारं लहान मूल हाका मारत नाही, आरडाओरडा होत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईने मान हलवली. तिला ते ठाऊक होतं. आम्हा दोघांना नव्हतं. आता आमच्या घरी कुणी जमलं की आई स्वतः विचारते, "पाण्यावर कोण?"

नियम सगळ्यांना तेच असतात साहेब. कुंपणाची उंची १२०० मिलिमीटर, फट १००, कमान ९००. हे आकडे लहान मुलाचा पाय कुठवर पोचेल, अंग कुठून शिरेल या विचारातून आलेले आहेत. तुमच्या आधीच्या माणसाने ते आकडे वाचले आणि खूण केली. तुम्ही प्रत्येक आकड्यापाशी माझ्या मुलाला उभं करून पाहिलंत. आपलं काम मन लावून करणारी माणसं मी पाहिली आहेत, माणसांशी गोड बोलणारीही पाहिली आहेत. दोन्ही एका ठिकाणी क्वचित भेटतं. आणि ज्याच्या हाती सही करायचा अधिकार आहे त्याच्याकडे ते असलं तर घरादाराला केवढा आधार वाटतो, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. इंग्रजी न येणाऱ्या बाईला मोठ्याने, तुटक तुटक बोलून वेंधळं ठरवणारे खूप भेटतात. तुम्ही तिला घरातली जबाबदार व्यक्ती मानलंत आणि त्या दिवसापासून ती तशी वागते. मागचं दार उघडं असतं, नातू अंगणात माती उकरतो, आणि आई रोज सकाळी गेट कडीला टेकवून, अलगद सोडून बघते.

सर्टिफिकेट तीन वर्षांचं आहे. पुढच्या वेळीही तुम्हालाच बोलावू, हे सांगायला नकोच.

एक विनंती मात्र आहे. आमच्या गल्लीत नाशिकचं एक कुटुंब भाड्याने राहायला आलंय. पूल आहे, गेटखाली वीट लावून ते उघडं ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आणि काढायला लावली. सर्टिफिकेटबद्दल विचारलं तर त्यांचा एजंट 'येईल, येईल' म्हणतोय. मी त्यांना तुमचा नंबर दिला आहे आणि घरमालकाला लेखी कळवायला सांगितलं आहे. त्यांचा फोन येईल तेव्हा तुमची डायरी भरलेली असेल, तरी जमलं तर त्यांना लवकरची वेळ द्या. त्यांचं बाळ नुकतंच चालायला लागलंय.

तुमची कृतज्ञ,
कढीपत्त्याच्या कुंडीवाल्या आजींची लेक