माशीला कारवी कोण शिकवतं?

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, मधाची बाटलीही मिळाली. अर्धी आईनेच संपवली. पण जाता जाता तू लिहिलंस ना, "मधमाशीला कसलं आलंय शिकणं, सगळं उपजतच," ते काही मला पटेना. तुझ्या पेट्यांमागच्या डोंगरावरच बघ. कारवी फुलते सात-आठ वर्षांनी एकदा आणि कामकरी माशी जगते काही आठवडे. म्हणजे ती त्या फुलावर पहिल्यांदा बसते तेव्हा तिनेच काय, बहुधा तिच्या राणीच्या पोळ्यानेही ते फूल पाहिलेलं नसतं. तरी थोड्या फेऱ्यांत ती अशी पक्की होते की वाटेतल्या दुसऱ्या फुलांकडे ढुंकून बघत नाही. फुलांची ओढ उपजत असेल, पण याच वासाच्या फुलात आज मध आहे हे तिला शिकावंच लागतं.

ते ती कसं शिकते, हे बर्लिनला रांडोल्फ मेंझेल यांच्या प्रयोगशाळेत फार बारकाईने तपासलं गेलं. माशीला गार करून गुंगी आणायची आणि डोकं तेवढं बाहेर राहील अशी नळीत बांधायची. मिशीला साखरेचं पाणी लागलं की ती सोंड बाहेर काढते. हे मात्र खरंच उपजत. मग आधी एखादा वास सोडायचा आणि दोन-तीन सेकंदांनी साखरपाणी द्यायचं. एकदाच केलं तरी पुष्कळ माश्या पुढच्या वेळी नुसत्या वासानेच सोंड काढतात. मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन तीनदा केलं, तर आठवण कित्येक दिवस टिकते. पण साखर आधी आणि वास मागून आला, तर तसं होत नाही. पुढे काय येणार याची वर्दी देणाऱ्या वासालाच माशीच्या लेखी किंमत. बाकी वास गेले वाऱ्यावर!

याहून भारी गोष्ट १९९३ सालची. मार्टिन हामर यांना माशीच्या मेंदूत अशी एक मज्जापेशी सापडली की साखर लागली की ती जोरात चेतते. त्यांनी वास सोडला आणि लगेच साखरेऐवजी ती पेशीच विजेने चेतवली. माशी शिकली! साखरेचा थेंबही नाही, तरी पुढे त्या वासाला सोंड बाहेर. मेंदूत सुमारे दहा लाख पेशी, त्यातल्या या एकीने "हे चांगलं" असं कळवलं की काम झालं. आणि शिकवणी झाल्यावर ती पेशी नुसत्या वासानेही चेतायला लागते. मी हे वाचून बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

ही जोडणी साठते कुठे, हे फळमाशीत जास्त स्पष्ट झालंय. तिच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचे दोन भाग असतात. एका बाजूला साधारण दोन हजार पेशी आणि एका वासाला त्यातल्या मोजक्याच जाग्या होतात. त्याच वेळी डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन आलं की फक्त त्या जाग्या पेशींचे पुढचे दुवे बदलतात. गंमत म्हणजे ते बहुतेकदा कमजोर होतात. गोड मिळालं तर "पळ" म्हणणाऱ्या वाटेचे दुवे ढिले पडतात आणि माशी वासाकडे झुकते. शिकणं म्हणजे काहीतरी वाढणं, अशी आपली समजूत. इथे मात्र कात्री लागते.

आणि हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नकोस. कॅलिफोर्नियात जीवशास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्याकडे विसरभोळ्या फळमाश्या शोधल्या जात होत्या, त्या काळात आपल्या ओबेद सिद्दीकी यांनी बेंझर यांच्याबरोबर काम केलं. पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या वास-चवीचा पिच्छा पुरवला.

आता तू एक करून बघ. मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फोन फ्रिश यांनी शंभरेक वर्षांपूर्वी केलं तेच. करड्या कागदांच्या तुकड्यांत एक निळा ठेव आणि फक्त निळ्यावर पाकाची बशी. माश्या रुळल्या की सगळे कागद नवे घे, जागा बदल आणि बश्या रिकाम्या ठेव. कुठे बसतात ते कळव. फक्त पाक पेट्यांपासून चांगला लांब ठेव, नाहीतर तुझ्या सातेरी मधमाश्यांच्या वसाहतींत लुटालूट सुरू होईल आणि वहिनी मला बोल लावतील.

तुझा,
मंदार