टिलव्याच्या पायावर उभी राहिलेली बातमी

महोदय,

नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या चिखलात वावरणाऱ्या दोन चिमुकल्या पक्ष्यांचा संकर आढळल्याची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह वाचली. राज्यातील पहिल्या रामसर स्थळाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेची, आपण दखल घेता याचा आनंद आहेच. मात्र या बातमीचा सारा डोलारा पक्ष्याच्या पिवळसर पायांवर उभा आहे आणि ते पाय तेवढे भक्कम नाहीत.

छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट असतात, हे खरेच. परंतु गेल्या रविवारी अभयारण्यातील चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून मी चिखलात टिपणारा एक टिलवा तासभर दुर्बिणीतून पाहिला. त्याचेही पाय पिवळट दिसत होते. काही वेळाने तो पोटापर्यंत पाण्यात उतरला, पंख फडफडवून त्याने यथेच्छ अंघोळ केली आणि काठावर आला तेव्हा ते पाय शाईसारखे काळे होते. वाळलेल्या गाळाचा लेप तेवढा धुऊन गेला होता. बातमीतील पक्षी हाच, असा माझा दावा नाही. तरीही छायाचित्रात त्याच्या पाठीवर ‘व्ही’ आकाराच्या पांढुरक्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि अशा रेषा छोट्या टिलव्याच्या त्याच वर्षीच्या पिल्लांना असतात. टेमिंकच्या टिलव्याची पाठ मातकट आणि बरीच साधी. शेपटीच्या कडेची पिसे राखाडी होती की टेमिंकसारखी पांढरी, उडताना आवाज तुटक ‘टिट्’ आला की थरथरता ‘टिर्र’, याविषयी बातमीत अवाक्षर नाही. मला तर हेच प्रश्न सर्वांत आधी विचारावेसे वाटले.

चिखलपक्ष्यांत संकर होतच नाहीत, असे मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या नमुन्यांवरून पक्षीशास्त्रज्ञ शेन पार्कर यांनी १९८२ मध्ये कॉक्सचा सँडपायपर ही चिखलपक्ष्याची नवी जात म्हणून जाहीर केली होती. पक्षी प्रत्यक्ष हाताशी असूनही तो निष्कर्ष टिकला नाही, कारण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीत तो पेक्टोरल सँडपायपर नर आणि कर्ल्यू सँडपायपर मादी यांचा संकर ठरला. माता कोण हे आईकडूनच येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएमुळे कळले. मुळात तपासणीपर्यंत गोष्ट गेली ती त्याची चोच, पाय आणि छातीवरच्या रेषा अशी अनेक लक्षणे एकाच वेळी दोन्ही जातींची सरमिसळ दाखवत होती म्हणून. एकट्या पायांच्या रंगावर तेथे कोणी विसंबले नव्हते.

तेव्हा संबंधित छायाचित्रकाराने त्या सकाळच्या सर्व फ्रेम, विशेषतः उडतानाच्या, कितीही अस्पष्ट असल्या तरी वेळेसह इतर पक्षीनिरीक्षकांना पाहू द्याव्यात, आणि तोवर आपण बातमीतील ‘आढळला’ या शब्दाच्या जागी ‘संशयित’ असा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक, नाशिक