अपराजित संघांची घाईची तुलना

मा. संपादक,

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा हंगाम सुरू होऊन चार-पाच आठवडे उलटले, की अपराजित संघांची आकडेवारी शेजारी-शेजारी मांडून श्रेष्ठ कोण हे ठरवण्याची चढाओढ लागते, आणि ती वाचताना मला दरवेळी अस्वस्थ वाटते. 2012 मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सने पहिले चारही सामने जिंकले, परंतु हंगामाअखेर त्यांच्या नावावर 5 विजय आणि 11 पराभव होते. पिट्सबर्ग स्टीलर्स तर 2020 मध्ये सलग 11 सामने जिंकून पहिल्याच बाद फेरीत क्लीव्हलँड ब्राउन्सकडून 48-37 असे हरले.

केवळ विजयांच्या संख्येपेक्षा गुणांतील फरक अधिक बोलका असतो, हे मान्य. पण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या एका एकतर्फी विजयानेही चार सामन्यांची सरासरी फुगते, म्हणून प्रतिस्पर्धी कोण होते हे न सांगता दिलेला आकडा मला अपुरा वाटतो. चेंडू हिसकावण्याच्या आकड्यांबाबत तर विशेष सावध राहायला हवे, कारण हातातून निसटलेला लंबगोल चेंडू कोणाकडे उसळेल यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि ते नशीब हंगामभर टिकत नाही. चेंडू पुढे नेण्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे मिळवलेले सरासरी यार्ड हे माप त्यामानाने स्थिर आहे. आपल्या क्रीडा पानावर अशी तुलना छापताना हे माप आणि प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी आवर्जून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक